बुखाऱ्याच्या घरातली पायरी

१

टूर कंपनीच्या माणसाला अलकनंदा देवस्थळीने आधी चहा पाजला आणि मग सोलून काढलं.

त्याने आणलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकावर ‘रेशीम मार्गाचा सांस्कृतिक अनुभव’ असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. आत पाहिलं तर ताश्कंदला गालिच्यांचं दुकान, समरकंदला कागदाचं दुकान, बुखाऱ्याला कात्र्यासुऱ्यांचं दुकान, आणि रोज रात्री भारतीय जेवण.

“म्हणजे ज्या गावांत शतकानुशतकं चीनपासून रोमपर्यंतचे तांडे उतरले, तिथे नेऊन तुम्ही आम्हाला पनीर बटर मसाला खाऊ घालणार?” तिने विचारलं.

“मॅडम, ग्रुप को वही चाहिए होता है.”

“ग्रुप गया चूल्हे में.”

मयूर विहारच्या त्या सोसायटीत कोणालाही याचं नवल वाटलं नाही. उभी हयात बातमीदारीत घालवलेली बाई. पत्रकार परिषदेत मंत्र्यांना घाम फोडायची, संपादकाशी भांडून बातमी पहिल्या पानावर आणायची. निवृत्तीनंतर भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून पाणीवाल्या ठेकेदारापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना तिने पुरून उरायचं ठरवलं होतं. मराठी मंडळाची उझबेकिस्तानची सहल आपण स्वतःच आखायची, हे तिने त्याच दिवशी जाहीर केलं. मंडळाच्या कार्यवाह चंद्रप्रभाबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फुकटात राबणारं माणूस कोणाला नको असतं?

खरं तर ही सहल श्रीरंगची होती. अलकनंदाचा नवरा वस्त्रोद्योग मंत्रालयात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. आयुष्यभर रेशमाच्या फायली हलवल्या, पण जिथून ते रेशीम गेलं ती गावं कधी पाहिली नाहीत. तो बोलायचा कमी. हल्ली तर फारच कमी. म्हणून ती इतक्या हिरीरीने उठली होती. त्या गावांत उभा राहून हा माणूस पुन्हा बोलायला लागेल, एवढंच तिला हवं होतं.

तिचा एक जुना नियम होता, डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापायचं नाही. तोच तिने हॉटेलांना लावला. फोटोंवर भरवसा नाही. मालकाने व्हिडिओ कॉलवर घराचा कोपरा न् कोपरा दाखवायचा, मगच खोल्या ठरवायच्या.

२

बुखाऱ्याचं ते अतिथिगृह एका व्यापाऱ्याचं जुनं घर होतं. मालक फरहोद, पिकल्या मिशांचा, डोक्यावर चौकोनी काळी टोपी. सिनेमे बघून शिकलेलं हिंदी तो फार प्रेमाने आणि फार सावकाश बोलायचा.

“नमस्ते दीदी. नमस्ते बाबूजी. आइए, मैं घर दिखाता हूँ.”

रविवारची सकाळ होती. फोन टीपॉयवरच्या पाण्याच्या जगला टेकवून तिघं सोफ्यावर डोकी जुळवून बसली होती. अलकनंदा, श्रीरंग आणि चंद्रप्रभाबाई. पडद्यावर अंगण आलं. मधोमध तुतीचं झाड, एका बाजूला उंच कोरीव खांबांची ओसरी, आत खोल्यांच्या भिंतींत छतापर्यंत कोनाडेच कोनाडे.

“किती गं स्वच्छ,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “बाथरूम दाखवायला सांग आधी. बाकी संस्कृती नंतर.”

“वेस्टर्न है, दीदी,” फरहोद म्हणाला. बाथरूम हा शब्द त्याला बरोबर कळला होता. हशा पिकला.

मग तो ओसरीच्या टोकाला वळला आणि एका अरुंद बोळात शिरला. पडदा काळा झाला.

“पायरी आहे,” श्रीरंग म्हणाला. “सँभल के.”

त्याच क्षणी फोन हेलकावला. छत दिसलं, भिंत दिसली, मग फरहोदचं कपाळ. त्याने दिवा लावला. पायाशी दगडाची एक झिजलेली पायरी होती.

“बाबूजी, आप पहले आए हैं?”

“नाही, नाही,” श्रीरंग मराठीतच म्हणाला, आणि ओशाळून अलकनंदाकडे बघितलं. “आपलं वाटलं.”

“जुन्या घरांत असतेच एखादी पायरी,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

असतेच, असं अलकनंदालाही वाटलं. खोल्या ठरल्या. तरी दुपारी भांडी आवरताना तिच्या मनात एक बारीक कुसळ राहून गेलं. आवाज पायरी असेल असं सांगणाऱ्या माणसाचा नव्हता. तिथे रोज ठेचकाळणाऱ्या माणसाचा होता.

३

त्याच आठवड्यात कधीतरी दाराची बेल वाजली. श्रीरंग भाजी आणायला गेला होता, आणि किल्ली नेहमी त्याच्या खिशात असायची. तिने दार उघडलं. तोच होता. चपला बाहेर काढून, जोडी सरळ लावून, पिशवी दोन्ही हातांत धरून उभा.

“किल्ली विसरलास?”

“नाही, आहे ना.” त्याने खिसा वाजवून दाखवला. “येऊ ना?”

तिला गंमत वाटली. “या, या. बसा. पाणी आणू?”

तो बसला. पण खिडकीजवळच्या आपल्या वेताच्या खुर्चीत नाही, सोफ्याच्या कडेवर, जिथे सोसायटीची वर्गणी मागायला आलेली माणसं बसतात. पाणी प्यायला. पेला कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरून राहिला. मग भिंतीकडे, पडद्यांकडे, पुस्तकांच्या कपाटाकडे नजर फिरवली आणि म्हणाला, “छान ठेवलंय घर.”

“उपकार झाले,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

लग्नाआधीपासून दोघं एकमेकांना अरे-तुरे करायची. थट्टा हा त्यांच्या संसाराचा खांब होता. त्यामुळे ही थट्टाच आहे, असं धरून चालायला सोपं गेलं.

४

पुढच्या रविवारी जेवणाखाण्याचं ठरवायचं होतं. फरहोद बोलत होता, आणि श्रीरंग त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता.

“त्या मागच्या खोलीची खिडकी,” श्रीरंग मध्येच हिंदीत म्हणाला, “पाऊस पडला की फुगते. खालून जरा तासून घ्या.”

मागची खोली फरहोदने कधी दाखवलीच नव्हती. तो या वेळी हसला नाही. किंचित मान लववली. “जी बाबूजी. करवा दूँगा.”

अशी मान पाहुण्यापुढे लवत नाही. अलकनंदाने आयुष्यभर माणसांच्या माना बघितल्या होत्या. कोण कोणाचा नोकर, हे तिला शब्दांआधी मानेवरून कळायचं.

ती कामाला लागली. एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी छापायची नसते. तिने इंटरनेटवरचे त्या घराचे सगळे फोटो पाहिले, प्रवाशांनी टाकलेले व्हिडिओ पाहिले. मागची खोली कुठेच नव्हती. श्रीरंगच्या फोनमध्येही काही सापडलं नाही. मग तिने फरहोदला एकटीने फोन केला.

“आपने इनको बताया था, खिड़की का?”

“नहीं दीदी. मैं समझा, आपने बताया.”

“मैं कैसे बताऊँगी? मैंने देखी है क्या?”

“दीदी, बाबूजी आते हैं तो अच्छा लगता है,” तो म्हणाला. “घर में कोई चलता है तो घर अच्छा रहता है.”

“आते हैं मतलब? अभी कहाँ आए हैं?”

“जी,” तो म्हणाला, आणि भाव कमी करून हवा असेल तर सांगा, असं काहीतरी बोलून त्याने फोन ठेवला.

इकडे घरात श्रीरंग चमच्यांसाठी औषधांचा खण उघडायचा. बाथरूमचा दिवा लावायला गेला की पंखा फिरायचा. एकदा दिवसाढवळ्या पॅसेजमध्ये थबकून त्याने अतिशय संकोचाने विचारलं, “इकडे हात धुवायला कुठे जायचं?”

आता मात्र तिने थट्टा केली नाही. हात धरून त्याला बेसिनपाशी नेलं. आणि दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरकडे.

डॉक्टर तरुण आणि हुशार होता. तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. श्रीरंगने सगळं बिनचूक केलं. स्कॅनमध्येही वयाला साजेसंच होतं.

“अपने घर के बारे में कुछ बताइए, अंकल.”

श्रीरंगचा चेहरा उजळला. तो बोलायला लागला. कित्येक महिन्यांत तो इतका बोलला नव्हता. अंगणात तुती आहे, तुतीखाली लाकडी बाज आहे. ओसरीचे खांब वर जाड, खाली निमुळते. सकाळी उजेड आधी तिसऱ्या खांबावर पडतो. बोळात एक पायरी आहे, नव्या माणसाला सांगावं लागतं.

डॉक्टर खूश झाला. “मेमरी तो बहुत अच्छी है, आंटी. कितना डिटेल में बताया.”

अलकनंदा खुर्चीत ताठ बसून होती. हे आमचं घर नाही, आम्ही मयूर विहारला चौथ्या मजल्यावर राहतो, असं तिने सांगायला हवं होतं. पण नवऱ्याचा तो उजळलेला चेहरा तिच्यासमोर होता. त्याचसाठी तर तिने सहल आखायला घेतली होती. तिने स्कॅनचे कागद पर्समध्ये घातले आणि ती उठली.

५

तिच्या सासूबाई म्हणायच्या, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. अलकनंदाने त्यावर त्यांच्याशी रीतसर वाद घातला होता. “वास्तूला ऐकू येतं ना? मग मी रोज म्हणते, घरमालकाने भाडं कमी करावं. त्या वेळी कुठे जाते?” सासूबाई बिचाऱ्या वाती वळत राहायच्या. दिल्लीतल्या भाड्याच्या घरात, सरकारी क्वार्टरांत आणि मग या फ्लॅटमध्ये तिने रागाच्या भरात काय काय म्हटलं होतं. कोणत्याही भिंतीने कधी कान दिला नव्हता.

त्या दिवशी दुपारी कॉल चालू होता. कुठल्याशा नळाचं बघायला फरहोद गेला होता, आणि त्याचा फोन तिकडे कुठेतरी टेकवलेला होता. पडद्यावर नुसती रिकामी ओसरी. पडद्यासमोर श्रीरंग बसला होता, लहान मूल आगगाडी बघतं तसा.

“जेवायला चल,” अलकनंदा म्हणाली.

तो हलला नाही.

“श्रीरंग, वरण गार होतंय. त्या रिकाम्या ओसरीत काय बघतोयस?”

“जरा हळू बोला,” तो वळूनही न बघता म्हणाला. “तिकडे ऐकू जातं.”

बोला. परक्या बाईला म्हणावं तसं. कितीतरी दिवस साचलेलं सगळं तिच्या तोंडातून एका दमात बाहेर पडलं.

“ऐकू जाऊ दे. एवढं आवडलंय ना ते घर? मग तिथेच राहा. कायमचा राहा. मी यायची नाही न्यायला.”

फोनमध्ये फरहोद नव्हता, वारा नव्हता. फक्त जुनं लाकूड ऊन उतरताना करतं तसा एक आवाज आला. एका फळीचा नव्हे. साऱ्या खांबांचा मिळून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेलेला. बैठकीत बसलेल्या वडीलधाऱ्याने सगळं ऐकून घेऊन मान हलवावी, तसा.

कोरडी हवा, तिने स्वतःला समजावलं. लाकूड आकसतं, आवाज होतो. शाळेतलं पोरही सांगेल.

पण श्रीरंग हसत होता. रजेचा अर्ज मंजूर झालेल्या कारकुनासारखा, हलका होऊन. त्याने कॉल बंद केला, उठला, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “चला, जेवून घेऊ. तुम्ही उगाच माझ्यासाठी थांबलात.”

६

त्यानंतर तो अगदी शहाण्यासारखा वागू लागला. सकाळी उठून चादरीची घडी करून पायथ्याशी ठेवायचा. पानात वाढलं की “पुरे, पुरे” म्हणायचा, कोशिंबिरीची तारीफ करायचा. त्याने तिला कधी दुखवलं नाही, कधी काही मागितलं नाही. सगळ्यात असह्य ते होतं. भांडण करायचं तर समोर नवरा लागतो. पाहुण्याशी कसं भांडणार?

आणखी एक गोष्ट होती, ती तिने डॉक्टरला सांगितली नाही. तो खोलीत बोलला की आवाज खोलीएवढा येत नसे. छत फार उंच असावं, तसा घुमून यायचा. ती कानांची तपासणी करून आली. कान ठणठणीत होते.

तिने सहलीतून आपली दोन नावं काढायचं ठरवलं, तेव्हा चंद्रप्रभाबाई तरातरा खाली आल्या.

“अगं, सगळं तू आखलंस आणि तूच मागे सरतेस? मंडळ मला कच्चं खाईल.”

“श्रीरंगला बरं नाही.”

“मला तर चांगले दिसले बाई. लिफ्टमध्ये भेटले, नमस्कार केला, विचारलं, आपण इथेच राहता का म्हणून.” त्या हसल्या, आणि अलकनंदाचा चेहरा बघून थांबल्या. मग बाजूला बसून हळू म्हणाल्या, “घेऊन चल त्यांना. जागा बदलली की माणूस सुधारतो. तिथला एवढा ध्यास आहे, तर बघू दे डोळे भरून. काय होईल फार तर?”

फार तर काय होईल, याचाच विचार अलकनंदा किती दिवस करत होती. बाल्कनीत थंडीचं ऊन खात, समोरच्या मेट्रोची ये-जा बघत, ती एखाद्या बातमीसारखी ती गोष्ट उलटसुलट तपासायची. हा आजार असेल, तर प्रवास त्याला झेपायचा नाही. आजार नसेल, तर? तर इथे सोफ्याच्या कडेवर बसलेला हा माणूस म्हणजे त्याचं मागे राहिलेलं सामान होतं. तिकडे नेलं तर तो पुन्हा एक होईल कदाचित. आणि एक झाला की तिथून हलायचा नाही. न्यावं तर तो तिथला, न न्यावं तर इथला नाहीच. यातलं काहीही ती कोणाला सांगू शकत नव्हती. दुसऱ्या कोणी हे तिला सांगितलं असतं, तर तिने त्याची चार कॉलमी खिल्ली उडवली असती.

शेवटी तिने आजार धरला. जे सिद्ध होत नाही ते छापायचं नाही. जायचं नाही, कळवून टाकायचं, आणि उद्यापासून दुसरा डॉक्टर.

७

सकाळीच तिने फरहोदला व्हिडिओ कॉल लावला. श्रीरंग आंघोळ करून, भांग पाडून सोफ्याच्या कडेवर बसला होता. छोटी प्रवासी बॅग मांडीवर होती. तिने ती घेऊन कपाटात ठेवली की तो पुन्हा आणायचा, तेव्हा आता तिने सोडून दिलं होतं.

कॉल उचलला गेला. पण चेहरा आला नाही. अंगण आलं.

“फरहोदभाई? सुनिए, हम नहीं आ रहे.”

फोन कोणाच्या तरी हातात होता आणि तो माणूस चालत होता. तुती मागे गेली. ओसरीचे खांब एकेक करून सरकले. चाल सावकाश होती, डावं पाऊल किंचित ओढत टाकलेली. अलकनंदाने ही चाल कितीतरी संध्याकाळी आपल्या शेजारी, यमुनेकडच्या रस्त्यावर ऐकली होती. ती नकळत सोफ्याकडे वळली. श्रीरंग जागेवर होता. पाय जुळवून, हात बॅगेवर.

“फरहोदभाई, फोन किसके पास है?”

बोळ आला. पडदा काळा झाला. त्या अंधारात ते पाऊल क्षणभर थांबलं, जपून खाली उतरलं आणि पुढे निघालं. कसलाही हेलकावा बसला नाही.

मग एक दार उघडलं. मागची खोली. कोनाड्यांची भिंत, खिडकीतून आलेला पांढरा उजेड, खाली अंथरलेल्या गादीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. फोन कोनाड्यात ठेवला गेला, जरा तिरका. त्या तिरक्या चौकटीत एक बाही आली, पिकल्या केसांच्या कानशिलाचा एक कोपरा आला, आणि दिसेनासा झाला. खाली बसताना गुडघे वाजले. घसा साफ केल्याचा आवाज आला, पेपर उघडण्यापूर्वी तो रोज करायचा तसा, आखूड, दोनदा.

“अगं, कुठे आहेस?” फोनमधून आवाज आला. उंच छताखालचा, पण स्वच्छ मराठी, ओळखीचा, किंचित वैतागलेला. तिला कित्येक दिवसांत कोणी असं वैतागून बोललं नव्हतं. “चहा गार होतोय. ये ना.”

तिने पुन्हा सोफ्याकडे बघितलं. तो माणूस फोनकडे बघत होता, सौजन्याने, दुसऱ्याच्या घरातलं संभाषण कानावर पडल्याचा संकोच चेहऱ्यावर घेऊन.

“तुमचे मिस्टर हाक मारतायत वाटतं,” तो म्हणाला. “जा ना तुम्ही. माझी काळजी करू नका, मी बसतो.”

तिला ओरडायचं होतं. प्रश्न विचारायचे होते, कोण, कुठे, कधी, सगळे. आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्या आवाजाला ती आयुष्यभर एकच उत्तर देत आली होती, आणि बुद्धी आड येण्याआधी तेच तोंडातून निघून गेलं.

“आले.”

फोनमधला वर्तमानपत्राचा सळसळाट थांबला. साऱ्या घरभर, खांबाखांबांतून, ते लाकूड पुन्हा एकदा हळूच वाजलं. मग कोनाड्याजवळ कोणीतरी दुसरा पियाला काढला आणि त्यात चहा ओतू लागलं.